अंगावर काढलेला इतिहास

गरमी आणि परमा हे शब्द आपल्या बोलीत पूर्वापार आहेत. या रोगांचा इतिहास स्त्रीच्या बाजूने मात्र क्वचितच लिहिला गेला. सरकारी दप्तरात ती येते ती रोगी म्हणून नव्हे, रोगाचे उगमस्थान म्हणून. 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने मुंबईत सक्तीची तपासणी आणली ती वेश्यांची. त्यांच्याकडे जाणाऱ्या शिपाई-खलाशांची नव्हे. 1888 मध्ये कायदा गेला, दृष्टी राहिली.

र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्यांची आठवण आपण एवढ्यापुरतीच ठेवतो, हे आम्हांस अपुरे वाटते. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तकही त्यांचेच. नको असलेला गर्भ आणि नको असलेला रोग हे एकाच शरीराचे प्रश्न आहेत, हे त्यांना उमगले होते. समाजाने उत्तर दिले ते अश्लीलतेच्या खटल्यांनी. 1934 मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरीही दंड झालाच.

पुढची मोठी साक्ष गडचिरोलीची. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास आजार जंतुसंसर्गाचे होते. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के! या बायका वेश्यावस्तीतील नव्हेत, घरादारातील होत्या. अंगावरून पांढरे जाणे हा जणू बाईपणाचाच भाग मानून त्यांनी ते अंगावर काढले होते. (‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेला किती सहज सुचला!) 1994 च्या कैरो परिषदेने प्रजनन आरोग्याचा विचार जगापुढे मांडला, त्याआधीची ही गोष्ट.

एचआयव्ही 1986 मध्ये भारतात प्रथम आढळला तोही वेश्यांच्या तपासणीत. संशयाची बोटे पुन्हा तिकडेच वळली, आणि मग महामार्गांकडे. आमच्या खालापूर-खोपोलीवरून बोरघाटात चढणाऱ्या रस्त्यावर मालमोटारींची रांग कधी तुटत नाही; पण चालकाची वाट पाहणारी घरची बाई प्रतिबंधाच्या विचारात उशिराच आली. बहुधा ती गरोदर राहिली म्हणजेच रक्त तपासले जाते आणि घरात आजार प्रथम तिच्याच नावाने उघड होतो. उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याचा संभव 15 ते 45 टक्के, वेळेवर औषधे मिळाल्यास 5 टक्क्यांहून कमी. म्हणजे सारे वेळेवर अवलंबून. आणि कर्जत-खालापुरातील कातकरी कुटुंबे तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात. नाव नोंदले एका गावी, दिवस भरले दुसऱ्याच तालुक्यात. गरमी-परम्याचेही तेच. औषध एकट्या बाईला दिले आणि नवरा खाडा पडेल म्हणून तपासणीला आलाच नाही, तर काही आठवड्यांत ती पुन्हा त्याच रांगेत उभी असते.