दक्षिणा, पारितोषिक आणि वसतिगृह : दानाच्या पात्रतेचा एक जुना वाद

दान करावे, याविषयी आपल्या समाजात कधी मतभेद नव्हता. मतभेद झाला तो दान कोणास करावे, कशासाठी करावे आणि कोणाच्या पैशातून करावे, या प्रश्नांवर. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार मुद्दाम घातलेला आहे. परंतु पात्र कोण हे ठरवावयाचे कोणी, हा प्रश्न व्यवहारावरच सोडलेला दिसतो. महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा ज्या निमित्ताने विशेष झाली, ते निमित्त म्हणजे पेशव्यांची श्रावणमासातील दक्षिणा. आपल्या स्मरणिकेत तिचा इतिहास आठवणे अप्रस्तुत होणार नाही. कारण प्रतिवर्षी विद्यार्थी-साहाय्यनिधीची वाटणी करताना आपणही त्याच प्रश्नांची उत्तरे देत असतो.

विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा हा प्रघात सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केला. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले, आणि त्यानंतर पहिल्या बाजीरावांनी तो पुण्यास चालू ठेवला. पुढे त्याचा व्याप इतका वाढला की, श्रावणात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यास लोटू लागले आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांच्यासाठी रमणा बांधावा लागला. नामांकित शास्त्र्यांची परीक्षा होऊन त्यांचा योग्यतेप्रमाणे सन्मान होई. सर्वसाधारण याचकांस रमण्यात कोंडून घेऊन, एकेकास दाराबाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवीत. एकाने दोनदा घेऊ नये म्हणून ही तजवीज होती. आरंभी विद्येचा सन्मान हा जो हेतू होता, तो गर्दी वाढली तसतसा मागे पडला आणि दक्षिणा ही जन्मसिद्ध मिळकत होऊन बसली.

या व्यवस्थेतही न्यायबुद्धी जागी असल्याची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दक्षिणेचे काम न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे यांच्या देखरेखीखाली असताना त्यांचे सख्खे बंधू याचकांत येऊन उभे राहिले. नाना फडणविसांनी शास्त्रीबुवांच्या मानाखातर त्यांस वीस रुपये द्यावेत असे सुचविले. रामशास्त्र्यांनी सांगितले की, यांच्या अंगी विशेष विद्या नाही, तेव्हा इतरांप्रमाणे दोनच रुपये द्यावेत. भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते मी माझ्या घरून देईन. खाजगी स्नेह आणि सार्वजनिक द्रव्य यांमधली रेषा इतक्या थोडक्या शब्दांत क्वचितच कोणी आखून दाखविली असेल.

तथापि एक प्रश्न या रमण्यात कोणी विचारला नाही. दक्षिणेचे द्रव्य आले कोठून? ते सरकारी खजिन्यातले, म्हणजे मुख्यतः शेतसाऱ्याचे होते. नांगर धरणाऱ्या कुणब्याने ते भरले. परंतु त्याचा मुलगा रमण्याच्या दारात उभा राहू शकत नव्हता.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. वर्षाला सुमारे ५०,००० रुपयांवर आणून ती चालू ठेवली, आणि १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढण्यात आली. पुढे नवी नावे लावणे सरकारने थांबविले. तेव्हा शिल्लक राहणाऱ्या रकमेचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला. १८४९ साली पुण्यातील काही तरुण सुधारकांनी अर्ज केला की, या द्रव्याचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस पारितोषिक म्हणून द्यावा. याच सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख ‘प्रभाकर’ पत्रातील आपल्या शतपत्रांतून आयत्या अन्नावर जगण्याच्या वृत्तीवर कोरडे ओढीत होते, आणि या अर्जाला त्यांचा पाठिंबा होता.

शहरात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांवर हल्ला होईल अशी धास्ती पडली, तेव्हा जोतीराव फुले यांनी महार-मांग तरुणांची एक तुकडी त्यांच्या रक्षणासाठी उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना त्या दक्षिणेतून कधी कवडीही मिळाली नव्हती, ते तिच्या सदुपयोगासाठी काठ्या घेऊन उभे राहिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विरोधकांची बाजू मात्र अगदीच पोकळ नव्हती. दात्याने ज्या हेतूने दान केले तो हेतू पुढच्या विश्वस्तांनी आपल्या मताप्रमाणे बदलावा काय, हा प्रश्न आजही प्रत्येक धर्मादाय संस्थेपुढे येतो. त्यावर सुधारकांचे उत्तर असे होते की, मूळ हेतू विद्येला उत्तेजन हाच होता. पाठांतराऐवजी ग्रंथरचनेस साहाय्य केल्याने तो मोडत नाही, उलट सिद्धीस जातो.

सुधारकांचे म्हणणे अखेर मान्य झाले. दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. त्याच निधीतून महाविद्यालयीन दक्षिणा फेलोशिपा निघाल्या आणि माधवराव रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्यांस त्यांचा आधार मिळाला. फुले यांच्या शाळांनाही या निधीतून साहाय्य झाले. परंतु नियम बदलले तरी निवाडा करणारे दृष्टी बदलतातच असे नाही. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे धाडले, ते तिने नाकारले. एका अज्ञानी कुणबी दांपत्याची धर्माच्या नावाखाली होणारी लुबाडणूक हा त्याचा विषय होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी तोच मुद्दा व्यापक रूपात मांडला : सरकारचे उत्पन्न शेतकऱ्याच्या श्रमातून येते, तर त्याच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणास त्यातला न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. रमण्यात जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो अशा रीतीने अखेर विचारला गेला.

यापुढची कथा कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी प्रथम सर्व जातींसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले. परंतु त्याचा लाभ मुख्यतः पुढारलेल्या वर्गासच झाला. तेव्हा १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभारण्यास हात दिला. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. ज्ञातिसंस्थांच्या शैक्षणिक कार्याला याहून थोर आधार दाखविता येणार नाही. पण त्याच कोल्हापुरात एक जैन विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेला, परतल्यावर स्नान करण्याचे त्याने नाकारले, आणि त्यापायी त्यास आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, असे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहिली आणि एका पंक्तीस जेवली.

शाहू महाराज आणि कर्मवीर यांत विरोध मानण्याचे कारण नाही. जे मूल दारापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्यासाठी वेगळे दार करणे हा एका काळाचा धर्म. ते दार दुसऱ्यास बंद न करणे हा पुढच्या काळाचा. आपली संस्था पहिल्या धर्मातून जन्मली, याचा आपणांस अभिमान असावा. दुसऱ्या धर्माचे स्मरण करून देणे हे माझे कर्तव्य आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. साहाय्यनिधीची निवड करताना ज्याचा आप्त अर्जदार असेल, त्या सभासदाने त्या बैठकीतून उठून जावे. रामशास्त्र्यांनी घालून दिलेला हा धडा आहे. साहाय्य घेणाऱ्या मुलांना व्यासपीठावर रांगेने उभे करून पाकिटे देण्याची प्रथा बंद करावी आणि रक्कम निमूटपणे त्यांच्या घरी पोहोचवावी. रमण्याच्या दारातील दृश्य आपल्या सभागृहात नको. आणि निधीचा निदान दहावा हिस्सा ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. आपल्या दात्यांच्या हेतूला त्यामुळे बाध येईल, असे कोणी म्हणेल. त्यांनी देणगी दिली ती मुलांनी शिकावे म्हणून. शेजारचे एक मूल शिकल्याने तो हेतू उणा कसा होईल, याचा सर्वसाधारण सभेने शांतपणे विचार करावा, एवढीच विनंती.