फाटलेल्या आवाजाची हळद

२०१६चा मे महिना. मुरबाड तालुक्यातल्या एका हळदीला पोहोचायला मला उशीर झाला होता. पण आत कोणतं गाणं चालू आहे ते फाट्यावरच कळलं. शब्द ऐकू येत नव्हते, चालही लागत नव्हती, छातीवर बसणारा ठोका तेवढा ओळखीचा. झिंगाट! ‘सैराट’ २९ एप्रिलला लागला होता आणि ऐन लग्नसराई चालू होती. त्या महिन्यात हे गाणं न वाजलेला मांडव मी तरी पाहिला नाही.

टेम्पोवर रचलेल्या बॉक्सांजवळ एक काका डीजेवाल्याला सांगत होते, “बाळा, आवाज फाटतोय, कमी कर.” तो हसून म्हणाला, “काका, फाटल्याशिवाय पोरं नाचत नाहीत.”

या उत्तरात एक अख्खा संगीतप्रकार मावतो. अॅम्प्लिफायरची ताकद ठरलेली असते. त्यापलीकडे आवाज ढकलला की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले खरखरीत सूर त्यात भरतात. आपण ज्याला ‘फाटणं’ म्हणतो ते हेच. बाहेरच्या जगात काहींनी हे मुद्दाम केलं. स्कॉटलंडच्या रीड भावंडांच्या ‘द जीझस अँड मेरी चेन’ने १९८५मध्ये ‘सायकोकँडी’ या अल्बमात गोड चालींवर गिटारची किंकाळी ओतली. पुढे या तऱ्हेला नॉइज पॉप म्हणू लागले. २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या ‘स्ले बेल्स’ या जोडीचा ‘ट्रीट्स’ आला. डेरेक मिलर आधी हार्डकोर बँडमध्ये गिटार वाजवायचा, अलेक्सिस क्राउस शाळेत शिकवायची. दोघांची ओळख झाली ती तो वेटर असलेल्या हॉटेलात, ती आईबरोबर जेवायला आली तेव्हा. जेमतेम अर्ध्या तासाचा हा अल्बम ऐकताना आपलाच हेडफोन बिघडलाय असं वाटतं. बिघडलेला नसतो. तो आवाज स्टुडिओतच फाडलेला आहे.

आपल्याकडची जोडी अगदी उलट्या वाटेने गेली. अजय-अतुल गोगावले यांचे वडील महसूल खात्यात होते, त्यामुळे बालपण बदलीच्या गावांत गेलं. त्यांतलं जुन्नर तर आमच्या माळशेजच्या पलीकडेच. ‘विश्वविनायक’पासून सुरू झालेली ही जोडी ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोहोचली. आणि ‘सैराट’च्या संगीतासाठी त्यांनी थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. अल्बममध्ये गाणी चारच. ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनांचा ताफा कसा हळूहळू चढत जातो ते मी पहिल्यांदा ऐकलं कल्याणला जाणाऱ्या एसटीत, इअरफोन लावून. तोवर दोन महिने तेच गाणं मांडवामांडवांत ऐकत होतो आणि त्यात व्हायोलिन आहे हेच मला माहीत नव्हतं!

म्हणजे जे मिलरने स्टुडिओत केलं, ते इथे टेम्पोवर झालं. एवढ्या निगुतीने साफ मुद्रित केलेलं संगीत डीजेवाल्याने फाडलं, आणि ते पोरांचं झालं. मला हा अपमान वाटत नाही. झिंगाट हे चित्रपटातही समारंभात नाचायचंच गाणं आहे. खुर्चीत बसून ऐकणाऱ्याने त्याच्या गोंगाटाबद्दल तक्रार करू नये.

मात्र हळदीचा आवाज पूर्वी असा नव्हता. आमच्याकडे लग्नात धवलारीण यायची. हळद, तेलवण, देवक, प्रत्येक विधीचे धवळे ती म्हणायची आणि बाकीच्या बाया मागून ओढायच्या. मग बँड आला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून प्रल्हाद शिंदे, पुढे त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद वाजू लागले. कर्णाही फाटायचाच, पण कॅसेट उलटताना मध्ये शांतता मिळायची. त्या फटीत धवळे जगले असं माझं मत आहे. डीजेच्या गाण्यांत फट नसते, एक संपायच्या आत दुसरं आलेलं असतं.

कायदा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. त्या हळदीत हे आकडे कुणी काढले असते तर त्यालाही ओढून नाचवलं असतं.

नाचून दमल्यावर मी मांडवात गेलो. चौकापाशी नवरदेवाला हळद लागत होती. शेजारी माझी आजी आणि धवलारीण एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन धवळे म्हणत होत्या, सूर जुळावा म्हणून. मी फोन काढला आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतला.

आजी पुढच्या वर्षी गेली. तो व्हिडिओ अजून आहे. दोघींचे ओठ हलताना दिसतात, आजी एकदा चुकते आणि हसते. आवाज म्हणून फक्त ठोका आहे, तोही फोनच्या माइकमध्ये फाटलेला. ओठांवरून शब्द लावायचा प्रयत्न मी पुष्कळदा केलाय. आईला दाखवला तर तिला पहिल्या दोन ओळी लागल्या. तिसरीला ती म्हणाली, “आवाज कमी कर ना जरा.”