आयसिंगमधील खाद्यरंग

केक, पेस्ट्री व तत्सम गोड पदार्थांवर पिठीसाखरेचा जो लेप देतात, त्यास आयसिंग म्हणतात. हा लेप मुळात पांढरा किंवा लोण्यामुळे पिवळसर असतो. त्याला हवी ती छटा आणण्यासाठी त्यात खाद्यरंग मिसळतात. वापरल्या जाणाऱ्या अल्प प्रमाणात बहुतेक रंगांना जाणवण्याजोगी चव नसते व पोषणमूल्यही नसते. ते केवळ डोळ्यांसाठी असतात. साहजिकच पदार्थ किती रंगवावा, हे दीर्घकाळ डोळ्यांनीच ठरविले गेले. एकोणिसाव्या शतकापासून हा निर्णय हळूहळू प्रयोगशाळेकडे व तराजूकडे गेला. खाद्यरंगांचा इतिहास मुख्यतः या स्थित्यंतराचा इतिहास असून वसई परिसरात त्याचे निरनिराळे टप्पे एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

साखर रंगविण्याची कल्पना महाराष्ट्रात केकबरोबर आली नाही. संक्रांतीचा हलवा हा आयसिंगचाच एक देशी भाऊबंद म्हणता येईल. तीळ वा खसखस परातीत मंद आचेवर फिरवीत त्यांवर साखरेचा पाक थोडाथोडा सोडतात. थरावर थर चढून दाण्यांना काटा येतो. रंगीत हलव्यासाठी पाकातच केशर किंवा अन्य रंग घालतात. श्रीखंड व साखरभात यांना केशराचा रंग देण्याची चाल जुनी आहे. केशर महाग असल्याने त्याचे प्रमाण आपोआपच मर्यादित राही आणि हळद अधिक झाली तर ती चवीवरून लगेच कळे. या रंगांच्या अतिरेकाला असा नैसर्गिक आळा होता.

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. मधल्या दोन शतकांत येथे ख्रिस्ती समाज रुजला व त्याच्या सणांच्या खाद्यपदार्थांत युरोपीय पद्धती मिसळल्या. त्यांपैकी मार्झिपान हा रंगांच्या दृष्टीने महत्त्वाचा होय. युरोपात तो बदाम व साखर यांपासून करीत. पश्चिम किनाऱ्यावर बदामाऐवजी काजू वापरण्याची रीत पडली. काजूचे झाडही पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून भारतात आणले. काजूची पूड, साखर व अंड्यातील पांढरा बलक शिजवून केलेल्या गोळ्याचे भाग पाडतात, त्यांना गुलाबी, हिरवा व पिवळा रंग देतात आणि साच्यांत दाबून फुलाफळांचे आकार काढतात. नाताळात नेवऱ्या व कलकल यांच्या जोडीने मार्झिपान केले जाते. ईस्टरला त्याची अंडी करून त्यांवर आयसिंगची फुले काढतात.

आयसिंग घातलेला विवाहाचा केक ब्रिटिश अमदानीत रूढ झाला. बदामाच्या लेपावर साखरेचा पांढरा लेप देण्याची कृती एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज लेखिकेच्या १७६९ च्या पाकशास्त्रावरील ग्रंथात आढळते. त्या काळी गुलाबी रंगासाठी कॉचिनील हा किरमिजी कीटक, पिवळ्यासाठी केशर व हिरव्यासाठी पालकाचा रस वापरीत. तथापि, बाजारातील स्वस्त मिठाईची स्थिती निराळी होती. फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञाने १८२० मध्ये अन्नभेसळीवरील आपल्या ग्रंथात मिठाईतील शिसे व तांबे यांच्या विषारी संयुगांकडे लक्ष वेधले. १८५० नंतर आर्थर हिल हॅसल याने सूक्ष्मदर्शक व रासायनिक परीक्षण यांच्या साहाय्याने मुलांच्या पिवळ्या गोळ्यांत शिशाचे क्रोमेट दाखवून दिले. झळाळणारा रंग म्हणजे शुद्ध पदार्थ, हा समज त्यामुळे डळमळला.

१८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन याने मॉव्ह हा जांभळा रंग संश्लेषणाने तयार केला आणि पुढे दगडी कोळशाच्या डांबरापासून रंगांची मोठी मालिका निघाली. हे रंग कापडासाठी होते. परंतु स्वस्त, टिकाऊ व अत्यंत तीव्र असल्याने ते मिठाईतही शिरले. अमेरिकेत १९०६ च्या अन्न व औषध कायद्यानंतर बाजारातील सु. ८० रंगांपैकी अवघे ७ खाद्यपदार्थांसाठी मान्य झाले. ‘निषिद्ध नाही ते चालेल’ याऐवजी ‘तपासून मान्य केले तेच चालेल’ हे तत्त्व येथून दृढ झाले. भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५५ मध्ये अंमलात आला. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली. त्याखालील २०११ च्या विनियमांत टार्ट्राझीन, सनसेट यलो, पाँसो ४ आर, कार्मोइसीन, एरिथ्रोसीन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्ल्यू व फास्ट ग्रीन या ८ संश्लेषित रंगांना मान्यता देण्यात आली आणि केक-पेस्ट्रींसारख्या पदार्थांत त्यांची एकूण मर्यादा दशलक्ष भागांत १०० भाग अशी ठरविण्यात आली. म्हणजेच १ किग्रॅ. पदार्थात १०० मिग्रॅ.पेक्षा अधिक रंग असता कामा नये.

ही मर्यादा लक्षात घेऊनच रंगांचे मिश्रण करावे लागते. मूळ रंग तांबडा, पिवळा व निळा हे तीन. पिवळा व निळा मिळून हिरवा, तांबडा व पिवळा मिळून नारिंगी आणि तांबडा व निळा मिळून जांभळा होतो. तिन्ही एकत्र आल्यास तपकिरी छटा येते. लोण्याच्या आयसिंगमध्ये लोण्याचा मूळ पिवळेपणा निळ्याला हिरवट करतो. तो दबविण्यासाठी जांभळ्याचा अगदी सूक्ष्म अंश घालतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे आयसिंग पातळ रंगाने सैल पडते, म्हणून तेथे घट्ट लेईसारखा रंग सोयीचा ठरतो. रंग सुईच्या टोकाने थोडाथोडा घेतात व मिश्रण काही तास झाकून ठेवतात, कारण रंग भिनल्यावर छटा गडद होते. लगेच दिसणाऱ्या फिकेपणावर विसंबून आणखी रंग घालणे ही नेहमी घडणारी चूक होय. गडद तांबडा व काळा यांना सर्वांत अधिक रंग लागतो. काळ्यासाठी आधी कोको घालून तपकिरी पाया केल्यास रंगाची बचत होते. वनस्पतिज रंगांच्याही मर्यादा आहेत : हळद उजेडात फिकी पडते व खाण्याच्या सोड्याने लालसर होते, तर बीटचा रंग उष्णतेने नासतो.

मान्य रंगांविषयीचे संशोधनही थांबलेले नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे झालेला व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास काही रंगमिश्रणांचा मुलांच्या वर्तनाशी संबंध तपासणारा होता. त्यानंतर २०१० पासून यूरोपीय संघाने सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या चित्तैकाग्रतेविषयी इशारा छापणे सक्तीचे केले. त्यांपैकी चार रंग वर दिलेल्या भारतीय यादीत आहेत. २०२२ मध्ये त्या संघाने आयसिंग शुभ्र करणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अन्नातील वापर बंद केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसीनची मान्यता काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. याहून गंभीर धोका अमान्य रंगांचा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी व तमिळनाडू येथे ऱ्होडामीन-बी हा कापडाचा रंग आढळल्याने ‘म्हातारीचे केस’ या मिठाईवर बंदी घालण्यात आली.

२००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली व २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १२ लक्षांहून अधिक होती. अशा वाढत्या शहरात आयसिंगचा केक एका समाजाच्या सणापुरता न राहता सर्व समाजांच्या वाढदिवसांचा पदार्थ झाला असून तो बेकऱ्यांप्रमाणे घरोघरीही केला जातो. मोठ्या कारखान्यात रंग तोलून घेतला जातो. घरगुती व्यवसायात तो बहुधा अजूनही डोळ्यांनी ठरतो. बाटलीतील द्रावणात वा पुडीत शुद्ध रंगाबरोबर इतर द्रव्येही असल्याने वेष्टनावरील रंगाचे नाव व शेकडेवारी पाहूनच योग्य मात्रा काढता येते. केशराच्या किमतीने व हळदीच्या चवीने पूर्वी जो आळा घातला होता, तो संश्लेषित रंगांना नाही. त्यांच्याबाबतीत मोजमाप हाच एकमेव आळा आहे.