माटुंग्याचे वर्ग, रसायनांचे कारखाने

ऑक्टोबर १८९६. मुंबईच्या फोर्ट भागातल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला एका रात्री कुणीतरी डांबर फासले. हे काम चापेकर बंधूंचे होते, ते पुढे उघड झाले. पण तेव्हा सरकारपुढे पहिला प्रश्न होता तो डाग काढायचे कसे, हा. ते काढून दाखवले विल्सन कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. पुतळा स्वच्छ झाला आणि गज्जरांचे नाव सगळ्या शहराला ठाऊक झाले.

गज्जर मूळचे सुरतचे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात १८९० मध्ये निघालेले कलाभवन हे त्यांचेच काम. पुस्तकातले रसायनशास्त्र रंगशाळेत आणि औषधांच्या कारखान्यात उतरले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. मुंबईत आल्यावर त्यांनी गिरगावात स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि तिथे विद्यार्थी घडवले. त्यांपैकी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन या दोघांना बरोबर घेऊन १९०७ मध्ये त्यांनी ‘अलेम्बिक केमिकल वर्क्स’ उभी केली. औषधांना लागणारे अल्कोहोल आणि टिंक्चर बनवण्यापासून सुरुवात करून ही कंपनी पुढे देशातल्या मोठ्या औषध कंपन्यांत गणली गेली.

म्हणजे प्राध्यापक, त्याची प्रयोगशाळा आणि त्याचे विद्यार्थी यांतून कारखाना निघू शकतो, हे मुंबईने विसाव्या शतकाच्या आरंभीच पाहिले होते. फक्त ते सारे एका माणसावर अवलंबून होते. माणूस बदलला तरी हा क्रम चालू राहील, अशी जागा मुंबईला १९३३ मध्ये मिळाली.

त्या वर्षी १ ऑक्टोबरला मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. ‘युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ हे त्याचे लांबलचक नाव कुणी घेत नसे. सगळ्यांच्या तोंडी ‘यूडीसीटी’च बसले. सुरुवातीला विषय दोनच होते: वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. कारण उघड होते. मुंबई गिरण्यांची होती आणि त्या गिरण्यांतल्या कापडाचा रंग जर्मनी, स्वित्झर्लंड, इंग्लंडहून यायचा. सूत आपले, माग आपले, मजूर आपले. पण कापड रंगवायचे ज्ञान परक्यांचे.

१९३८ मध्ये विभागाची सूत्रे डॉ. के. वेंकटरामन यांच्याकडे आली. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेले वेंकटरामन रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रातले जगन्मान्य नाव. कृत्रिम रंगांवरच्या त्यांच्या ग्रंथाचे पहिले खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या रंग उद्योगात ते वापरले गेले. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याच्या आवारात आला. व्हीजेटीआय आणि फाइव्ह गार्डन्सच्या शेजारच्या या शांत वस्तीत, परदेशी कंपन्यांनी गुपित म्हणून जपलेले रंगांचे ज्ञान मुंबईतला मुलगा वर्गात बसून शिकू लागला.

विभाग वाढला तो उद्योगाकडे पाहत. तेले, खाद्यपदार्थ, औषधे, रंगलेप, प्लास्टिक अशा एकेक धंद्यासाठी एकेक शाखा उभी राहिली. अनेक जण आधी बी.एस्सी. करून मग इथे बी.एस्सी. टेक. करायला येत. साहजिकच वर्गातला मुलगा थोडा वयाने मोठा आणि आपल्याला काय हवे ते ठरवून आलेला असे. केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘होम पेपर’ असायचा. त्यात एखाद्या रसायनाचा अख्खा कारखाना कागदावर उभा करायचा: कच्चा माल किती, कोणते यंत्र किती मोठे, वाफ किती लागेल, खर्च किती येईल. नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधीच मुलाने मनातल्या मनात एक कारखाना बांधलेला असे. उद्योजकता नावाचा विषय तेव्हा अभ्यासक्रमात नव्हता, पण ती शिकवण्याची याहून चांगली रीत सापडणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. इथल्या प्राध्यापकांना कारखान्यांचे सल्लागार म्हणून काम करण्याची मुभा होती आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. सकाळी शिकवणारा माणूस दुपारी एखाद्या कारखान्यातल्या अडलेल्या प्रक्रियेपुढे उभा असे. तिथला प्रश्न मग वर्गात येई, प्रयोगशाळेत जाई, कधी त्यावर एखाद्याची पीएच.डी. होई.

ही परंपरा शिखरावर नेली डॉ. मनमोहन शर्मा यांनी. जोधपूरहून आलेले शर्मा १९५८ मध्ये इथूनच पदवीधर झाले. केंब्रिजला डॅनक्वर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून ते १९६४ मध्ये परतले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्यात प्राध्यापक झाले. १९८९ ते १९९७ या काळात ते संस्थेचे संचालक होते. रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय इंजिनिअर. त्यांचा सल्ला घेणाऱ्या कंपन्या असंख्य. पण वर्गातल्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे होते की, आपले सर ज्या कारखानदारांना शिकवतात त्यांच्यापैकी एक आपणही होऊ शकतो, हे त्याला रोज समोर दिसत होते.

शिक्षण कितीही उत्तम असले तरी कारखान्याला जमीन, परवाना आणि बाजार लागतो. साठ-सत्तरच्या दशकांत नेमके तेही जुळून आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर, तळोजे, रोहा, लोटे-परशुराम इथे रस्ते, पाणी आणि वीज घेऊन तयार भूखंड मिळू लागले. मग १९७० चा पेटंट कायदा आला आणि १९७२ पासून अमलात आला. औषधे आणि कीटकनाशके यांच्या बाबतीत त्याने वस्तूवरचे पेटंट काढून टाकले आणि फक्त पद्धतीवरचे ठेवले. तीच वस्तू वेगळ्या मार्गाने बनवता आली, तर ती विकायला कायद्याची आडकाठी उरली नाही. वेगळा मार्ग शोधणे हेच तर माटुंग्यात शिकवले जात होते.

केकी घारडा हे त्याचे ठळक उदाहरण. यूडीसीटीतून पदवी, मिशिगन आणि ओक्लाहोमातून पुढचे शिक्षण, आणि मग परत मुंबई. साठच्या दशकात त्यांनी वांद्र्यात अगदी लहान प्रमाणावर एक निळा रंग बनवायला घेतला, जो तोवर परदेशातून येत असे. पुढे डोंबिवली, मग कोकणात लोटे-परशुराम. गव्हातल्या तणांवरचे आयसोप्रोट्युरॉन त्यांनी स्वतःच्या पद्धतीने बनवले आणि त्याची किंमत भारतीय शेतकऱ्याच्या आवाक्यात आणली. घारडांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. खेड तालुक्यात त्यांच्या नावाचे इंजिनिअरिंग कॉलेज आहे.

कल्लम अंजी रेड्डी आंध्रातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. गुंटूरला बी.एस्सी. करून ते औषधशाखेसाठी माटुंग्याला आले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९६९ मध्ये पीएच.डी. झाले आणि मग आयडीपीएल या सरकारी कंपनीत काही वर्षे नोकरी केली. ‘डॉ. रेड्डीज’ १९८४ मध्ये निघाली. त्याच वर्षी माटुंग्याचेच चंद्रकांत गोगरी यांची ‘आरती इंडस्ट्रीज’ उभी राहिली. त्याआधी १९८० मध्ये पाच मित्रांनी ‘गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स’ काढली होती. त्यांतले उन्नाथन शेखर यूडीसीटीचे केमिकल इंजिनिअर. टूथपेस्ट आणि शाम्पूंना फेस आणणारी द्रव्ये बनवणारी ही कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात आली. नरोत्तम सेखसरिया इथून बाहेर पडून आधी घरच्या कापसाच्या व्यापारात गेले आणि मग १९८३ मध्ये ‘गुजरात अंबुजा’ या सिमेंट कंपनीकडे वळले. मुकेश अंबानींनी आयआयटी सोडून यूडीसीटी निवडली आणि शर्मा सरांच्या पहिल्याच तासाला ती निवड योग्य ठरल्याची खात्री पटली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०२५ मध्ये त्यांनी संस्थेला गुरुदक्षिणा म्हणून १५१ कोटी रुपये जाहीर केले.

या यादीत एक गोष्ट मराठी वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही: कारखानदारांच्या या नावांत मराठी नाव दिसत नाही. याच वर्गांतून गेलेली मराठी मुले विज्ञानात फार उंच गेली. माशेलच्या रघुनाथ माशेलकरांनी इथे शर्मांकडे पीएच.डी. केली आणि पुढे देशभरच्या सीएसआयआर प्रयोगशाळांची धुरा वाहिली. सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे ज्येष्ठराज जोशी १९९९ ते २००९ संचालक होते. कोल्हापूरकडच्या शेतकरी घरातून आलेले गणपती यादव संस्थेचे पहिले कुलगुरू झाले. ज्ञान सगळ्यांना सारखेच मिळाले. पण पहिल्या भट्टीसाठी लागणारे भांडवल आणि तोट्याची दोन-तीन वर्षे सोसणारे घर मात्र सारखे नव्हते. विद्यापीठातली वर्षे हात तयार करतात, हिशोब शिकवतात, माणसे जोडून देतात. त्यापुढचा पैसा वर्गात मिळत नाही, आणि तो उभा करण्याची सोय आपल्या समाजाने आणि बँकांनी वेळेवर केली नाही.

यूडीसीटीचे नाव २००२ मध्ये बदलले आणि २००८ मध्ये ती ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ या नावाने अभिमत विद्यापीठ झाली. २०१८ मध्ये जालन्यात तिचे नवे आवार सुरू झाले. मराठवाड्यातल्या मुलाला आता या शिक्षणासाठी मुंबईत खोली शोधण्याची गरज नाही.

राज्यातल्या विद्यापीठांत आज उद्योजकता कक्ष निघाले आहेत, स्पर्धा होतात, व्याख्याने होतात. ते होऊ द्यावे. पण माटुंग्याच्या इतिहासातून घ्यायचे ते यापेक्षा साधे आहे. शिक्षकांना कारखान्यात जाऊ द्या, कारखान्यातले प्रश्न वर्गात येऊ द्या, शेवटच्या वर्षाच्या मुलाकडून एक तरी धंदा आकड्यांनिशी पूर्ण मांडून घ्या, आणि जो मुलगा तो धंदा खरोखर उभारू पाहील त्याच्या पाठीशी पहिली दोन वर्षे पैसा उभा करा. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मुंबई विद्यापीठाच्या एका विभागाने करून दाखवल्या आहेत. चौथी अजून आपल्याला करायची आहे.