तळटीप : ‘सैनिकी सवलत’

* लेखकाने इथे ‘सवलत’ हा एकच शब्द वापरला असला, तरी अमेरिकेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखचोरीपासून संरक्षण देणाऱ्या खासगी कंपन्या सैनिकांना वर्गणीत सूट देतात, ती एक. दुसरी सूट नव्हे, तर हक्क आहे. २०१८च्या कायद्याने इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांवर सेवेतील सैनिकांच्या पतनोंदींवर मोफत देखरेख ठेवण्याचे बंधन घातले. ते ३१ ऑक्टोबर २०१९पासून लागू झाले.

सैनिकांनाच हे का, याचे उत्तर जुने आहे. १ जुलै १९६९ रोजी भूदल आणि हवाईदलाने स्वतंत्र सेवाक्रमांक बंद करून सोशल सिक्युरिटी क्रमांकच सैनिकाचा क्रमांक केला. ज्या नऊ आकड्यांवर बँक कर्ज देते, तेच गळ्यातल्या बिल्ल्यावर ठोकलेले आणि सामानाच्या पिशवीवर रंगवलेले असत. शेजारच्या खाटेवरच्यालाही ते सहज वाचता येत. भूदलाच्या बिल्ल्यावरून ते हटवायचे ठरले २०१५मध्ये. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांचे हे क्रमांक चोरीला गेल्याचे उघड झाले.

परदेशी तैनातीवरच्या माणसाच्या नावे कोणी कर्ज उचलले, तर थकबाकीची पत्रे त्याच्या बंद घराच्या पेटीत साचत राहतात. ते टाळण्यासाठी, कर्ज देण्याआधी ओळख पडताळायला सांगणारी वर्षभराची ‘सेवारत’ सूचना पतनोंदीवर लावता येते, तीही विनामूल्य. माझ्या मते वर्गणीतल्या सुटीआधी सैनिकाला हे सांगितले गेले पाहिजे. – संपा.