यंत्राच्या पोटांतला कैदी

ज्या खेळांत मुलगा पडद्यावरील एका लहानशा आकृतीला पळवितो, खड्ड्यांवरून उड्या मारावयास लावितो आणि एका फळीवरून दुसऱ्या फळीवर चढवीत नेतो, त्या खेळांना प्लॅटफॉर्म गेम असें नांव आहे. पुष्कळ वडीलधाऱ्यांना हा केवळ कालाचा अपव्यय वाटतो. परंतु बुद्धिबळांतील हत्ती-उंटांत जसा जुन्या सैन्याचा इतिहास सांठलेला आहे, तसा या खेळांतील शत्रूंतहि एक इतिहास दडलेला आहे. श्रोतेहो, आज त्याचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे.

१९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या जपानी खेळांतला शत्रु पशु होता. एक दांडगा वानर वरून पिंपें गडगडत सोडी. १९८७ सालीं जपानांत निघालेल्या ‘रॉकमॅन’ या खेळांत शत्रूचें रूप पालटलें. त्यांतील सहा यंत्रमानव मुळांत कामकरी होते. कोणी झाडें तोडणारा, कोणी माती उपसणारा, कोणी वीजघर सांभाळणारा. एका दुष्ट शास्त्रज्ञानें त्यांची बुद्धि फिरविली आणि कालचे मजूर आजचे वैरी झाले.

पुढें १९९१ च्या जून महिन्यांत सेगा कंपनीनें ‘सॉनिक’ हा खेळ बाजारांत आणला. युजी नाका यांनीं त्याची संगणकीय रचना केली, नाओतो ओशिमा यांनीं नायकाचें रूप रेखाटलें आणि हिरोकाझु यासुहारा यांनीं त्यांतील मुलूख आंखले. नायक म्हणजे एक निळा हेजहॉग, साळिंदरासारखे कांटे असलेला लहानसा प्राणी. त्याच्या वाटेंत ‘बॅडनिक’ नांवाचे यांत्रिक शत्रु येतात. एका चाकावर धांवणारा किडा, लोखंडी खेंकडा, पाण्यांतून उसळणारा मासा. नायकानें उडी घेऊन यंत्र फोडलें कीं आंतून एखादा ससा किंवा पांखरूं बाहेर पडतें आणि टुणटुणत निघून जातें. कारण एका दुष्ट डॉक्टरनें रानांतले प्राणी धरून त्यांना यंत्रांत कोंडलेलें असतें व आपल्या कामास जुंपलेलें असतें. म्हणजे ज्याला आपण शत्रु म्हणून फोडतों, त्याच्या पोटांत एक निरपराध कैदी आहे. फोडणें हेंच येथें सोडविणें होय.

या डॉक्टरचें जपानी नांव एगमन. पाश्चात्य देशांत मात्र त्याला रोबॉटनिक म्हणून ओळखूं लागले. पोलिश भाषेंत ‘रोबॉटनिक’ म्हणजे कामगार. १८९४ सालीं पोलंडच्या समाजवादी पक्षानें याच नांवाचें गुप्त वृत्तपत्र सुरू केलें होतें. नांव ठेवणाऱ्यांस हा अर्थ ठाऊक असो वा नसो, मजुराचें नांव मजूर राबविणाऱ्या धन्यास मिळालें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

‘रोबॉट’ हा शब्दहि त्याच कुळांतला. चेक भाषेंत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळानें सक्तीनें करावयाची मजुरी. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर वेठ. १७७५ सालीं बोहेमियांतील शेतकऱ्यांनीं या वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हां महाराणी मारिया थेरेसा हिनें हुकूम काढून तिला मर्यादा घातली. ती समूळ नष्ट व्हावयास मात्र १८४८ साल उजाडावें लागलें. याच महाराणीच्या दरबारांत १७७० सालीं केंपेलन यानें बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क दाखविला होता. लोक थक्क झाले. परंतु त्या पेटींत एक जिवंत खेळाडू अंग चोरून बसलेला असे. यंत्राच्या पोटांत माणूस लपविण्याची युक्ति कांहीं नवी नव्हे.

कारेल चापेक या चेक लेखकानें १९२० सालीं ‘आर्. यू. आर्.’ हें नाटक प्रसिद्ध केलें. त्यांतील कृत्रिम कामकऱ्यांना कोणतें नांव द्यावें असा प्रश्न पडला, तेव्हां ‘रोबॉट’ हा शब्द त्याचा भाऊ योसेफ यानें सुचविला. नाटकांत हे रोबॉट बंड करून मनुष्यजातीचा संहार करतात. एकाच माणसाला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्याप्रमाणेंच स्वतःच्या हातांनीं काम करीत असतो. ज्या योसेफनें वेठीवरून हा शब्द घडविला, त्याला १९३९ सालीं नाझींनीं पकडलें, आणि १९४५ च्या एप्रिलांत बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणींत त्याचा अंत झाला. शब्दाच्या इतिहासांत यापरतें कठोर पान मला माहीत नाहीं.

वेठ म्हणजे काय, हें महाराष्ट्राला परक्या कोशांतून शिकावें लागत नाहीं. त्याच १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील डहाणू-उंबरगांव भागांतले वारली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साह्यानें वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. पुढें १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठबिगारीस बंदी केली, आणि १९७६ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र कायदाहि झाला.

आतां पुन्हा खेळाकडे वळूं. १९९३ सालीं ‘सॉनिक सीडी’ या खेळांत त्याच डॉक्टरनें ‘मेटल सॉनिक’ निर्माण केला. हा नायकाचीच धातूची प्रतिकृति. तसाच वेग, तसेच कांटे. त्याच्याशीं शर्यत लावावी लागते. शर्यत जिंकली तरी त्या यंत्रांतून कोणी बाहेर पडत नाहीं, कारण त्याच्या पोटांत ससाहि नाहीं आणि पांखरूंहि नाहीं. पूर्वींच्या शत्रूस फोडतांना दयेला जागा होती. येथें उरते ती केवळ चढाओढ.

आज यंत्रें माणसासारखें लिहूं-बोलूं लागलीं आहेत, आणि पुष्कळांना त्यांत मेटल सॉनिकच दिसतो. आपली जागा घ्यावयास निघालेली आपलीच प्रतिकृति. ही भीति अगदींच निराधार आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु इतिहास आपणांस अगोदर दुसरा प्रश्न विचारावयास सांगतो. या यंत्राच्या पोटांत कोण राबत आहे, आणि त्याला तेथें कोणीं कोंडलें? बोहेमियांतल्या कुळाला आणि डहाणूच्या वारल्याला हा प्रश्न कोणी फार काळ विचारलाच नाहीं. म्हणून त्यांना स्वतः उठावें लागलें. आपल्या घरांतलें मूल पडद्यावरचें यंत्र फोडून आंतला ससा सोडवितें, तेव्हां त्याला ही एवढी गोष्ट सांगावी, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.