वेणूची ज्या

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, आयुधागाराध्यक्षाच्या अध्यायांत (२.१८), ज्येचीं सहा द्रव्यें सांगितलीं आहेत : मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु व स्नायु. मूर्वेविषयीं शंका नको. मनुस्मृतींत (२.४२) क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या ज्येची सांगितली असून, ‘मौर्वी’ हा शब्द तर ज्येचा पर्यायच होऊन बसला आहे. अर्क म्हणजे आपली रुई. तिच्या सालीचा वाख किती चिवट असतो हें खेड्यांत कोणासहि ठाऊक आहे. शण म्हणजे ताग, स्नायु म्हणजे तांत. परंतु वेणु ? वेळूचें धनुष्य सर्वांस परिचित आहे. त्याची दोरी कशी व्हावी?

याच सूत्राच्या लगेच पुढें बाणांची यादी येते, व तिचा आरंभ वेणु या शब्दानेंच होतो. तेव्हां खालचा शब्द नजरचुकीनें वर चढला असावा, हा लेखकप्रमाद होय, अशी कल्पना आम्हीं अध्यापनाच्या काळीं बसविली. आपल्या प्रतीच्या समासांत प्रश्नचिन्ह केलें, आणि विद्यार्थ्यांपुढें ती मोठ्या आत्मविश्वासानें मांडलीहि. ती सर्वस्वी चुकीची होती.

पुढें सातपुड्यांत एका भिल्ल कारागिरापाशीं बसून तिरकामठा होतांना पाहण्याचा योग आम्हांस आला. पक्का, जाड सालीचा वेळू त्यानें करवतीनें न कापतां फोडला. फोडलेला वेळू आपल्या धाग्यानें फुटतो, कापलेल्याचे धागे तुटतात. मग दोन्ही बाहू कोयत्यानें तासणें, वांकवून पाहणें, जेथें ताठरपणा दिसेल तेथेंच थोडें खरवडणें, आणि पुन्हां वांकवून पाहणें. सर्व वेळ या कामांत गेला. घाई केली तर एक बाहू अधिक वांकतो व धनुष्य तेथेंच मोडतें. आम्हीं स्वतः करूं गेलों तें असेंच मोडलें. त्यावर तो कांहीं न बोलतां हंसला.

यानंतर त्यानें दोरी वळण्यास न घेतां वेळूच्याच सालीची एक लांब पातळ पट्टी सोलली, पेरांवरील उंचवटे घांसून काढले, दोन्ही टोकांस वाखाचे फांस बांधले व ती धनुष्यास चढविली. ज्या तयार ! तांत पावसाळ्यांत सैल पडते, ही पट्टी पडत नाहीं, असें तो म्हणाला. सूत्रांतील शब्द जेथचा तेथेंच बरोबर होता; वळलेल्या दोरीवांचून ज्या असूं शकते हें आम्हांस सुचलें नव्हतें, इतकेंच.

लांबीविषयींहि ग्रंथ व हत्यार यांचा असाच मेळ बसतो. अर्थशास्त्रांत (२.२०) चार अरत्नि म्हणजे ९६ अंगुलें यांस ‘धनु’ म्हटलें आहे. अग्निपुराण चार हातांचें धनुष्य श्रेष्ठ मानतें. निआर्कसच्या आधारें लिहिणारा ग्रीक ग्रंथकार एरियन सांगतो कीं, हिंदी पायदळाचें धनुष्य धारण करणाऱ्याच्या उंचीएवढें असे, व तें भूमीवर टेकून डाव्या पायानें दाबून ओढीत. तिन्ही ठिकाणीं पुरुषभर लांबीचेंच धनुष्य दिसतें. मापाला ‘धनु’ हें नांव पडलें तें उगीच नव्हे.

संग्राहकांस एक विनंति. एका खासगी संग्रहांत आम्हीं वेळूचें जुनें धनुष्य पाहिलें. शोभेसाठीं त्यास सुताची नवी दोरी बांधली होती. मूळ ज्येविषयीं विचारतां, ‘दोरी नव्हतीच, एक कांबीट मात्र लोंबत होतें, तें झाडतांना काढून टाकलें,’ असें उत्तर मिळालें. तें कांबीट हीच त्याची ज्या होती. असें धनुष्य हातीं आल्यास त्यास लागलेली पट्टी, तुकडा असला तरी, फांसासह जपून ठेवावी आणि ती पट्टीच आहे अशी नोंद चिठ्ठीवर करावी.